लॅपटॉपवर धावतं, पायवर अडखळतं: इलेक्ट्रॉन ॲप सुरू न होण्याची कारणं, क्रमाने

इलेक्ट्रॉनवर (वेबपानांच्या तंत्राने डेस्कटॉप ॲप बनवायच्या साधनावर) बनवलेलं ॲप लॅपटॉपवर झकास चालतं. तेच रास्पबेरी पायवर (एका छोट्या बोर्डावर मावणाऱ्या संगणकावर, पुढे नुसतं ‘पाय’) टाकलं की पुढीलपैकी काहीतरी होतं.

- आयकॉनवर डबल क्लिक केलं, कर्सर दोन सेकंद गोल फिरला, आणि मग सामसूम. ना विंडो, ना एरर.
- टर्मिनलमधून चालवलं तर ‘एक्झेक फॉरमॅट एरर’.
- फाइल डोळ्यांसमोर आहे, तरी शेल (टर्मिनलमध्ये कमांडी चालवणारा प्रोग्रॅम) म्हणतो ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’.
- ‘सँडबॉक्स’ असा शब्द असलेला लांबलचक मेसेज येतो आणि ॲप बंद पडतं.
- विंडो उघडते, पण पांढरीफटक किंवा काळीकुट्ट.
- दहा-पंधरा मिनिटं नीट चालतं, मग न सांगता गायब होतं. कधी कधी अख्खा बोर्डच रीस्टार्ट होतो.
- हाताने चालवलं तर चालतं. बूट झाल्यावर आपोआप सुरू करायला सांगितलं की नाही.

माहितीफलक, किऑस्क, यंत्राशेजारी बसवलेले छोटे पडदे अशा कामांत ही दुखणी मी इतक्यांदा निस्तरली आहेत की आता तपासण्याचा क्रम हाताला बसला आहे. दोष बहुधा ॲपच्या कोडमध्ये नसतो. कुठल्या तरी दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नसतात, एवढंच. इलेक्ट्रॉन २०१३ साली ‘ॲटम शेल’ या नावाने आलं, तेव्हापासून त्याची रचना तीच आहे: प्रत्येक ॲपच्या पोटात एक अख्खा क्रोमियम (क्रोमच्या मुळाशी असलेला ब्राउझर) आणि एक नोड.जेएस (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम). म्हणजे तुमचं ‘चार बटणांचं साधं ॲप’ बोर्डाच्या दृष्टीने एक पूर्ण ब्राउझर असतं. वीज, मेमरी, ग्राफिक्स, परवानग्या हे सगळं ब्राउझरच्या मापाने मोजायचं.

(कमांडी आणि एरर मी इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं वापरा.)

सगळ्यात आधी टर्मिनल

आयकॉनवरून चालवलेलं ॲप पडलं की मुक्याने पडतं. टर्मिनल उघडा, ॲपच्या फोल्डरमध्ये जा आणि तिथून चालवा. फारच गप्प असेल तर मागे --इनेबल-लॉगिंग जोडा. अर्धा मिनिट लागतो आणि खालच्या निम्म्या पायऱ्या वाचतात.

वाचताना शेवटची ओळ नको, पहिली खरी तक्रार शोधा. क्रोमियम पडताना वीस-पंचवीस ओळी ओकतो आणि त्यातल्या बऱ्याचशा पडल्यानंतरच्या असतात. दोन ओळी तर सरळ सोडून द्या: ‘फेल्ड टू कनेक्ट टू द बस’ आणि ‘व्हीए-इनिशियलाइझ फेल्ड’. ठणठणीत चालणारी ॲपसुद्धा या दोन ओळी छापतात. दुसरी ओळ ज्या व्हिडिओ-प्रणालीबद्दल बोलते ती पायवर नसतेच. या ओळी शोधत फिरण्यात संध्याकाळ घालवलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यातला एक मी.

वीज

हसू नका. इथे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो, कारण इथे कुणी बघतच नाही.

व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड ही कमांड द्या. उत्तर ०एक्स० आलं तर पुढे जा. ०एक्स५०००० आलं तर बूट झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं होतं आणि बोर्डाने स्वतःचा वेग कमी केला होता. ०एक्स५०००५ आलं तर ते या क्षणीही चालू आहे. हा इशारा साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की लागतो. पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह दिसतं तेही याचंच.

रिकाम्या डेस्कटॉपवर सगळं ठीक दिसतं आणि नेमकं हेच ॲप उघडताना गडबड होते, याचं कारण सोपं आहे. इलेक्ट्रॉन सुरू होताना सगळे कोअर, ग्राफिक्स आणि मेमरी कार्ड एकदम जागे करतो. वीज मागण्याची तीच वेळ, आणि वीज कमी पडण्याचीही. एकदा मी दोन दिवस ग्राफिक्सचे पर्याय बदलत बसलो होतो. विंडो कधी उघडायची, कधी काळी पडायची, कधी बोर्डच रीस्टार्ट. शेवटी कळलं की मी ड्रॉवरमधला एक जुना फोन चार्जर लावला होता, आणि त्याची केबल होती हेडफोनच्या वायरीइतकी बारीक. केबल बदलली, काम झालं. दोन दिवसांत केलेले बदल मागे घ्यायला मात्र आणखी एक दुपार गेली.

पाय ४ ला ५ व्होल्टवर ३ अँपिअर लागतात, पाय ५ ला ५ अँपिअर. चार्जरवर ‘६५ वॅट’ छापलेलं असतं म्हणून भुलू नका. तो आकडा २० व्होल्टचा असतो. ५ व्होल्टवर असे चार्जर बहुधा ३ अँपिअरवरच थांबतात. पाय ५ ला ३ अँपिअरचा पुरवठा दिला तर तो चालू होतो, पण यूएसबी पोर्टांना मिळून ६०० मिलिअँपिअरच देतो. मग टचस्क्रीन मधूनच सुटते आणि आपण ॲपला शिव्या देतो.

बोर्डाला साजेसा पुरवठा आणि आखूड, जाड केबल लावूनही इशारा जात नसेल, बोर्डावरचा एखादा भाग हात लावू नये इतका तापत असेल, किंवा बॅटरी-बॅकअपच्या पाटीवरचा लिथियम सेल फुगलेला दिसत असेल, तर इथेच थांबा. वीज काढा आणि हार्डवेअर दुरुस्तीवाल्याला दाखवा. सॉफ्टवेअरच्या गप्पा नंतर.

घड्याळ आणि जागा

दोन मिनिटांची तपासणी. पाय ४ आणि त्याआधीच्या बोर्डांत घड्याळ टिकवणारी चिप नसते. पाय ५ मध्ये आहे, पण बॅटरी वेगळी जोडावी लागते. नेट नसताना बूट झालं की तारीख जुनी राहते, सर्व्हरचं प्रमाणपत्र ‘अजून लागू नाही’ असं ठरतं, आणि विंडो उघडूनही आत माहिती येत नाही. टाइमडेटसीटीएल देऊन तारीख बघा. मग डीएफ -एच देऊन कार्डावर जागा किती आहे ते बघा. कार्ड भरलं असेल तर क्रोमियमला स्वतःचं प्रोफाइलही लिहिता येत नाही.

पडदा नक्की कुठे आहे?

‘मिसिंग एक्स सर्व्हर ऑर डिस्प्ले’ असं आलं तर ॲप निर्दोष आहे. तुम्ही एसएसएचवरून (दुसऱ्या संगणकावरून, नेटवर्कमधून) आत शिरून चालवताय आणि विंडो कुठे काढायची हेच त्याला माहीत नाही. बोर्डाला जोडलेल्या पडद्यावर, कीबोर्ड लावून एकदा चालवून बघा. ‘लाइट’ आवृत्ती टाकली असेल तर डेस्कटॉपच नाही. विंडो येणार कुठून?

बूटवर न उघडण्याचं कारण बहुतेक हेच असतं. क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या साधनातून) किंवा साध्या सिस्टम सर्व्हिसमधून सुरू केलेल्या ॲपला डेस्कटॉपचं सत्र मिळत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून रास्पबेरी पाय ओएसचा डेस्कटॉप लॅबडब्ल्यूसी नावाच्या व्यवस्थेवर चालतो. तिच्यासाठी होम फोल्डरातल्या .कॉन्फिग/लॅबडब्ल्यूसी/ऑटोस्टार्ट या फाइलीत एक ओळ लिहिली की ॲप योग्य वेळी, योग्य पडद्यावर उघडतं. जुन्या लेखांत दिलेल्या जागा वेगळ्या आहेत, त्या आता चालतीलच असं नाही.

ॲप आपोआप उघडतं पण त्याआधी ‘कीरिंग’चा (पासवर्ड जपून ठेवणाऱ्या तिजोरीचा) पासवर्ड मागत अडून बसतं, असंही होतं. ऑटो-लॉगिनमध्ये तुम्ही पासवर्ड टाकलेलाच नसतो, म्हणून तिजोरी बंद राहते. --पासवर्ड-स्टोअर=बेसिक जोडलं की प्रश्न मिटतो. पण मग ॲपने जपलेली गुपितं कार्डावर जवळपास उघडी पडतात, हे लक्षात ठेवा. माहितीफलकाला चालेल, कुणाचं खातं लॉगिन ठेवणाऱ्या ॲपला नाही.

३२ की ६४: इथे सावकाश वाचा

‘एक्झेक फॉरमॅट एरर’ म्हणजे प्रोग्रॅम दुसऱ्याच जातीच्या प्रोसेसरसाठी बनलाय. लॅपटॉपचा प्रोसेसर बहुतेकदा एक्स८६ जातीचा, पायचा एआरएम. डाउनलोडच्या यादीत ‘एएमडी६४’ आणि ‘एआरएम६४’ शेजारी शेजारी असतात आणि ‘६४’ एवढंच बघून माणूस पहिलं उचलतो. तुम्हाला हवं असतं एआरएम६४, किंवा ३२ बिट प्रणालीसाठी एआरएमव्ही७एल. डेबियनच्या (रास्पबेरी पाय ओएस ज्या लिनक्सवर बेतलेली आहे तिच्या) पॅकेजांत त्यालाच एआरएमएचएफ म्हणतात. शंका असेल तर फाइल ही कमांड ॲपच्या मुख्य बायनरीवर (चालवायच्या तयार फाइलीवर) चालवा. ती एका ओळीत सांगते की हे एक्स८६-६४ आहे की एआरएम एआर्च६४.

आता दुसरा, जास्त छळणारा प्रकार. फाइल आहे, एलएसमध्ये दिसते, परवानगी आहे, आणि शेल म्हणतो ‘अशी फाइल नाही’. शेल खोटं बोलत नाही, अर्धवट बोलतो. जी सापडत नाही ती तुमची फाइल नव्हे. तिला मेमरीत चढवणारा लोडर सापडत नाही. ६४ बिट ॲपला ६४ बिट लोडर लागतो आणि ३२ बिट प्रणालीत तो नसतोच.

इथे लोक म्हणतात, ‘पण मी यूनेम -एम दिलं होतं, एआर्च६४ आलं!’ सापळा नेमका तिथेच आहे. ती कमांड फक्त कर्नलबद्दल, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याबद्दल, सांगते. पायवर तीन थर असतात: प्रोसेसर, कर्नल, आणि वरची सगळी लायब्ररी-प्रोग्रॅमची दुनिया. २०२३ पासून ३२ बिट रास्पबेरी पाय ओएससुद्धा जमेल तिथे ६४ बिट कर्नल घेऊन बूट होते. तळमजला ६४ बिट, वरचे मजले ३२ बिट. खरं उत्तर डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर देते. एआरएम६४ आलं तर ६४ बिट, एआरएमएचएफ आलं तर ३२. गेटकॉन्फ लाँग_बिट दिलं तर थेट आकडाच येतो. काही इन्स्टॉलर स्क्रिप्टसुद्धा यूनेमवर विसंबून चुकीची बायनरी उतरवतात, त्यामुळे ‘मी तर काहीच निवडलं नव्हतं’ हेही खरं असू शकतं.

उपाय दोन. ३२ बिटचं ॲप मिळत असेल तर ते घ्या. नाहीतर कार्डावर ६४ बिट प्रणाली नव्याने टाका. एकाच प्रणालीत दोन्ही जातींच्या लायब्रऱ्या कोंबण्याचा तिसरा मार्ग आहे, आणि तो जमतोही. पण पुढच्या अपडेटला तो कुठे फुटेल याचा नेम नसतो. मी नवं कार्ड टाकतो.

पहिला पाय, पाय झीरो आणि झीरो डब्ल्यू यांचा प्रोसेसर एआरएमव्ही६ पिढीचा आहे. इलेक्ट्रॉनच्या तयार बायनरी एआरएमव्ही७ पासून पुढच्या. क्रोमियम स्वतः कंपाइल करून बघू, असा विचार मनात आला तर चहा प्या आणि तो सोडून द्या. बोर्ड बदला, किंवा ॲप दुसऱ्या मशीनवर चालवून इथे फक्त पडदा दाखवा. पाय झीरो २ डब्ल्यू ६४ बिट आहे, पण मेमरी ५१२ एमबी. त्यावर इलेक्ट्रॉन उघडतं. काम करण्याइतकं टिकेल याची मी हमी घेत नाही.

गहाळ लायब्रऱ्या

‘एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज’ ही त्यातल्या त्यात प्रामाणिक एरर. काय नाही ते नावासकट सांगते. पण एका वेळी एकच नाव सांगते, म्हणून एकेक टाकत बसू नका. एलडीडी ही कमांड बायनरीवर चालवा आणि ‘नॉट फाउंड’ असलेल्या सगळ्या ओळी एकदम काढा. नेहमीची मंडळी ठरलेली आहेत: लिबएनएसएस३, लिबजीटीके-३, लिबएटीके-ब्रिज, लिबजीबीएम, लिबअसाउंड. डेबियनच्या ट्रिक्सी आवृत्तीपासून यांतल्या काही पॅकेजांच्या नावामागे ‘टी६४’ लागलं आहे, उदाहरणार्थ लिबअसाउंड२टी६४. जुन्या लेखातली कमांड ‘असं पॅकेज नाही’ म्हणाली तर कारण हे असतं.

ॲपइमेज (एकाच फाइलीत बांधलेलं ॲप) असेल तर आधी लिबफ्यूझची आवृत्ती २ लागते. ती टाकायची नसेल तर --ॲपइमेज-एक्स्ट्रॅक्ट देऊन पेटी उघडा. स्क्वॉशएफएस-रूट नावाचं फोल्डर तयार होतं आणि आतलं ॲप थेट चालवता येतं. कुठली पायरी अडते आहे ते शोधायलाही हे बरं.

‘जीलिबसी_२.३८ नॉट फाउंड’ यासारखी ओळ मात्र वेगळी. ही लायब्ररी गहाळ नाही, जुनी आहे. डेबियनच्या बुल्सआय आवृत्तीत जीलिबसी २.३१ आहे, बुकवर्ममध्ये २.३६, ट्रिक्सीमध्ये २.४१. ॲपचा एखादा भाग नव्या प्रणालीवर कंपाइल झालाय आणि तुम्ही तो जुन्यावर चालवताय. जीलिबसी हाताने वर चढवू नका. अख्खी प्रणाली तिच्यावर उभी असते. चुकलं तर एलएससुद्धा चालत नाही. प्रणाली नवी करा, किंवा ॲप जुन्या प्रणालीवर बनवून घ्या.

सँडबॉक्स

मेसेज साधारण असा असतो: सँडबॉक्सचा मदतनीस सापडला, पण त्याची मांडणी बरोबर नाही, म्हणून मी सँडबॉक्सशिवाय चालण्याऐवजी थांबतो. शोध घेतला की पहिलं उत्तर मिळतं ‘--नो-सँडबॉक्स जोडा’. जोडलं की चालतं. म्हणूनच ते धोक्याचं.

सँडबॉक्स म्हणजे वेबपानाच्या कोडला बोर्डाच्या फाइलींपासून वेगळं ठेवणारी भिंत. तुमचं ॲप फक्त स्वतःच्या फाइली दाखवत असेल आणि नेटला हात लावत नसेल, तर भिंत काढून एकदा चाचणी घ्यायला हरकत नाही: दोष इथेच आहे ना, हे ठरवायला. पण बाहेरची पानं उघडणारं ॲप या पर्यायावर कायमचं सोडून देऊ नका.

खरा उपाय दोन ओळींचा आहे. ॲपच्या फोल्डरात क्रोम-सँडबॉक्स नावाची फाइल असते. तिची मालकी रूटला (प्रणालीच्या मुख्य प्रशासकाला) द्या (सूडू चोन रूट:रूट) आणि परवानगी ४७५५ करा (सूडू सीएचमॉड ४७५५). त्यातला ४ महत्त्वाचा, आणि क्रमही महत्त्वाचा: मालकी बदलली की तो ४ पुसला जातो, म्हणून परवानगी नेहमी नंतर. झिप उलगडताना किंवा पेनड्राइव्हवरून कॉपी करताना हीच परवानगी हरवते. ॲप पेनड्राइव्हवरूनच चालवत असाल तर कितीही वेळा कमांड द्या, लागू होणार नाही. फॅट आणि एक्सफॅट या फाइल-पद्धतींत अशा परवानग्या ठेवायला जागाच नसते. ॲप कार्डावर हलवा.

‘रनिंग ॲज रूट’ असं काही आलं तर ॲप सूडूने चालवू नका, बस्स. बोर्डावर उबंटू असेल तर २४.०४ पासून ॲपआर्मर या सुरक्षा-व्यवस्थेने एक वेगळं कुलूप घातलं आहे. ॲप त्याच्या .डेब पॅकेजमधून टाका. बहुतेक वेळा ते कुलपाची सोय स्वतः करून येतं.

चालता चालता गायब

फ्री -एच देऊन किती मेमरी उरते ते बघा. मग डीमेसेज या कमांडीने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदींत ‘किल्ड प्रोसेस’ शोधा. तुमच्या ॲपचं नाव तिथे दिसलं तर कर्नलने ते मारलंय, बाकीची प्रणाली वाचवायला. १ जीबीच्या पाय ३ वर हे नेहमीचं. इलेक्ट्रॉन एक प्रोसेस नसतो. मुख्य, ग्राफिक्स, नेटवर्क, आणि प्रत्येक विंडोची वेगळी, असं अख्खं कुटुंब असतं. विंडो कमी करा. शेजारी ब्राउझर उघडा ठेवू नका. झीरॅम चालू केलं तर मेमरीतच दाबून जागा मिळते. कार्डावरची स्वॅप फाइल मोठी करणं हा उतारा आहे, पण कार्ड झिजतं आणि सगळं कासवगतीने चालतं. दर तासाला मेमरी चढतच जात असेल तर मात्र गळती कोडमध्ये आहे, आणि ते काम डेव्हलपरचं.

डॉकरमध्ये (ॲप बंदिस्त पेटीत चालवणाऱ्या साधनात) चालवत असाल तर आणखी एक. तिथे सामायिक मेमरी मुळात ६४ एमबीच मिळते आणि क्रोमियम तेवढ्यात गुदमरतो. --एसएचएम-साइझ वाढवा.

पांढरा पडदा

पांढरं दिसलं की सगळे ग्राफिक्सवर उडी मारतात. त्याआधी कंट्रोल-शिफ्ट-आय दाबून डेव्हटूल्स (पान तपासायची ब्राउझरमधली साधनं) उघडा. ती उघडली आणि नीट दिसली तर ग्राफिक्स ठीक आहे, पानच लोड झालेलं नाही. कन्सोलमध्ये फाइल सापडली नसल्याची लाल ओळ असेल तर नावातली लहान-मोठी अक्षरं तपासा. विंडोज आणि मॅकवर ‘मेन’ हे फाइलनाव कॅपिटल एमने लिहिलं काय आणि स्मॉल एमने लिहिलं काय, सहसा चालून जातं. लिनक्सवर त्या दोन वेगळ्या फाइली. एका ॲपमध्ये लोगोच्या फोल्डरचं नाव कोडमध्ये मोठ्या अक्षराने आणि कार्डावर लहान अक्षराने होतं. त्या एका अक्षरापायी पूर्ण पान कोरं, आणि लॅपटॉपवर सहा महिने कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

डेव्हटूल्ससुद्धा काळी-पांढरी किंवा चिरफाळलेली दिसत असतील तर मग ग्राफिक्स. --डिसेबल-जीपीयू लावून चालवा. चित्र नीट आलं तर दोष सापडला, पण तो पर्याय तसाच सोडू नका; सगळं रंगकाम प्रोसेसरवर येतं आणि बोर्ड तापतो. कॉन्फिग.टीएक्सटीमध्ये डीटीओव्हरले=व्हीसी४-केएमएस-व्ही३डी ही ओळ आहे ना ते बघा; जुन्या प्रयोगांत कुणीतरी ती बंद केलेली असते. मग रास्पी-कॉन्फिगच्या ॲडव्हान्स्ड पर्यायांतून वेलँडऐवजी एक्स११ निवडून पाहा (विंडो पडद्यावर काढण्याच्या या दोन व्यवस्था). जुन्या इलेक्ट्रॉनवरची ॲप तिथे शहाण्यासारखी वागतात.

कुलूप लावून गेलेलं भूत

हा दोष लेखांत क्वचित सापडतो, मला मात्र भेटत राहतो. एक कार्ड नीट तयार केलं, ॲप चालवून पाहिलं, मग त्याच्या पाच प्रती काढल्या आणि प्रत्येक बोर्डाला वेगळं होस्टनेम दिलं. पाचही बोर्डांवर ॲप उघडेना. एरर नाही, विंडो नाही, क्रॅश नाही. टर्मिनलमध्ये एका सेकंदात प्रॉम्प्ट परत.

ॲपच्या प्रोफाइल फोल्डरात (.कॉन्फिग खाली ॲपच्या नावाचं) एलएस -एलए दिलं तेव्हा सिंगलटनलॉक नावाचा एक दुवा दिसला. तो बाणाने दाखवत होता: किऑस्क-मूळ-१४२३. म्हणजे मूळ बोर्डाचं नाव आणि तिथल्या प्रोसेसचा क्रमांक. एका वेळी एकच ॲप चालावं म्हणून क्रोमियम हे कुलूप लावतो. मूळ कार्ड ॲप चालू असतानाच ओढून काढलं होतं, त्यामुळे कुलूप तसंच राहिलं आणि पाचही प्रतींत गेलं. नव्या नावाच्या बोर्डावर ॲप बघतं, ‘दुसऱ्या मशीनवर कुणीतरी हे वापरतंय’, आणि सभ्यपणे निघून जातं.

ॲप बंद असल्याची खात्री करून सिंगलटन या शब्दाने सुरू होणाऱ्या तिन्ही नोंदी पुसा. आणि प्रती काढण्याआधी बोर्ड नीट शटडाउन करा.

नेटिव्ह मॉड्यूल

इथून पुढे तुमच्याकडे ॲपचा सोर्स असेल तरच. एसक्यूलाइट किंवा सीरियल पोर्टसाठीची नोड पॅकेजं आतून सी++ असतात आणि प्रोसेसरनुसार कंपाइल होतात. लॅपटॉपवरचं नोड_मॉड्यूल्स फोल्डर जसंच्या तसं पायवर कॉपी केलं की ती अडतात. ‘इनव्हॅलिड ईएलएफ हेडर’ आलं तर फोल्डर विंडोज किंवा मॅकवरून आलंय. ‘राँग ईएलएफ क्लास’ आलं तर ३२-६४ चा घोळ. ‘नोड_मॉड्यूल_व्हर्जन’ असा उल्लेख आला तर प्रोसेसर बरोबर आहे, पण मॉड्यूल साध्या नोडसाठी बनलंय, इलेक्ट्रॉनच्या पोटातल्या नोडसाठी नाही. शेवटच्या प्रकाराला इलेक्ट्रॉन-रीबिल्ड चालवा. पहिल्या दोघांना फोल्डर पुसून पायवरच एनपीएम इन्स्टॉल करा. वेळ लागतो, पाय ३ वर तर मधे जेवून या.

पॅकेज बनवताना इलेक्ट्रॉन-बिल्डरची जुनी आवृत्ती पायवरच .डेब करायला गेली की अडते, कारण ती सोबत आणते ते एफपीएम हे साधन एक्स८६ चं असतं. रूबीच्या जेममधून एफपीएम टाका आणि यूज_सिस्टम_एफपीएम=ट्रू ठेवा.

फक्त पाय ५ साठी

६४ बिट रास्पबेरी पाय ओएसवर पाय ५ चा कर्नल मेमरीची पानं ४ केबीऐवजी १६ केबीची ठेवतो. बहुतेक प्रोग्रॅमना फरक पडत नाही. काही जुन्या बायनरी मात्र ‘अनसपोर्टेड सिस्टम पेज साइझ’ किंवा ‘नॉट पेज-अलाइन्ड’ म्हणत पडतात. तेच ॲप पाय ४ वर चालत असेल तर संशय इथेच घ्या. गेटकॉन्फ पेजसाइझ दिल्यावर १६३८४ आलं, तर /बूट/फर्मवेअर/कॉन्फिग.टीएक्सटीमध्ये कर्नल=कर्नल८.आयएमजी ही ओळ घाला आणि रीस्टार्ट करा. मग ४०९६ यायला हवं.

इथे थांबा

विजेबद्दल वर लिहिलंच आहे. बाकी तीन ठिकाणी मी स्वतःही हात मागे घेतो.

डीमेसेजमध्ये एमएमसी०च्या नावाने आय/ओ एरर येत असतील आणि कार्डावर हवा असलेला डेटा असेल, तर त्यावर एकही नवी फाइल लिहू नका, दुरुस्तीच्या कमांडी चालवू नका. कार्ड काढा. डेटा खरंच मोलाचा असेल तर डेटा परत मिळवून देणाऱ्याकडे द्या. प्रत्येक प्रयोगागणिक मिळण्याची शक्यता घटते.

ॲप बंद सोर्सचं आहे आणि निर्माते एआरएमसाठी ते देतच नाहीत, तर तुमच्या हातात काही नाही. एक्स८६चं सोंग आणणारी साधनं आहेत. छोट्या प्रोग्रॅमना ती चालतात. अख्खा ब्राउझर त्यांच्यावर लादून रोजचं काम काढायच्या भानगडीत मी पडत नाही. निर्मात्यांना विचारा.

आणि वरचं सगळं होऊनही ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ किंवा ‘इलीगल इन्स्ट्रक्शन’ येत असेल, तर ते ॲपच्या डेव्हलपरकडे द्या. ‘चालत नाही’ एवढंच लिहून पाठवू नका. बोर्डाचं मॉडेल आणि मेमरी, डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर, यूनेम -ए, गेटकॉन्फ पेजसाइझ आणि गेट_थ्रॉटल्ड यांची उत्तरं, आणि टर्मिनलमधला मजकूर पहिल्या ओळीपासून, फोटो न काढता कॉपी करून. वीज तपासली आहे हेही लिहा, नाहीतर त्यांचा पहिला प्रश्न तोच असेल.